मुरूम येणारी त्वचा: आज दिसणारी पुळी दोन महिन्यांपूर्वी सुरू झालेली असते

एका तरुणीने पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 24. चौदाव्या वर्षापासून चेहऱ्यावर मुरूम. त्वचा तेलकट, म्हणून दिवसातून चार-पाच वेळा फेसवॉशने चेहरा धुणं चालू आहे. आजवर अनेक क्रीम, सीरम, स्क्रब वापरून झाले. प्रत्येकाने आठ-पंधरा दिवस बरं वाटतं आणि मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या. मध्यंतरी मैत्रिणीने दिलेल्या एका ट्यूबने चेहरा एकदम नितळ आणि उजळ झाला, पण ती बंद केल्यावर पूर्वीपेक्षा जास्त फुटलं. आता हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने दुखऱ्या गाठी येतात, गालांवर काळे डाग राहिले आहेत. त्या विचारतात, "माझी त्वचाच अशी आहे का? हे कधी थांबणार? आणि नेमकं लावू तरी काय?"

तुमच्या त्वचेची घडण मुरूम येण्याकडे झुकणारी आहे, हे खरं. त्यात आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा असतो. जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांतून हे स्पष्ट झालं आहे. ही घडण बदलता येत नाही, पण तिच्यावर ताबा नक्की ठेवता येतो. तुमचं सगळं वर्णन वाचून मला वाटतं की तुमच्याकडे उपाय कमी पडलेले नाहीत. कुठल्याच उपायाला पुरेसा वेळ मिळालेला नाही. हे का म्हणते, ते कळण्यासाठी मुरूम तयार कसा होतो हे एकदा नीट पाहावं लागेल.

चेहऱ्यावरच्या प्रत्येक छिद्रात एक बारीक केस असतो आणि त्याच्या मुळाशी तैलग्रंथी. ग्रंथीत तयार होणारं तेल, ज्याला आम्ही सीबम म्हणतो, एका अरुंद नळीतून वर येऊन त्वचेवर पसरतं. या नळीच्या आतल्या अस्तराच्या पेशी सतत झडत असतात आणि तेलाबरोबर बाहेर पडतात. मुरूम येणाऱ्या त्वचेत या पेशी जास्त तयार होतात आणि सुट्या न होता एकमेकींना चिकटून राहतात. नळीच्या तोंडाशी त्यांचं बूच बसतं. सुरुवातीला हे बूच इतकं सूक्ष्म असतं की आरशात दिसत नाही, बोटालाही जाणवत नाही. त्याच्यामागे तेल साचत जातं. प्राणवायू कमी असलेल्या या बंद जागेत क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचा जीवाणू चांगला पोसला जातो. (2016 पर्यंत त्याला प्रोपिओनिबॅक्टेरियम म्हणत, म्हणून जुन्या लेखांत ते नाव दिसेल.) हा जीवाणू बाहेरून आलेला शत्रू नव्हे. ज्यांना कधीही मुरूम येत नाहीत त्यांच्या चेहऱ्यावरही तो असतो. तुंबलेल्या नळीत मात्र शरीराची संरक्षणयंत्रणा त्याच्यावर आणि साचलेल्या तेलावर तुटून पडते. नळीची भिंत फुटली की आतलं सगळं आजूबाजूच्या त्वचेत सांडतं, आणि मग लाल पुळी, पू भरलेली पुळी किंवा खोल दुखरी गाठ दिसू लागते.

न दिसणाऱ्या बुचापासून डोळ्यांना दिसणाऱ्या पुळीपर्यंत साधारण आठ आठवडे जाऊ शकतात. म्हणजे आज सकाळी आरशात दिसलेल्या पुळीची सुरुवात जवळजवळ दोन महिन्यांपूर्वी झालेली असते, आणि पुढच्या दोन महिन्यांत येणाऱ्या पुळ्यांची बुचं आत्ता, तुमच्या नितळ दिसणाऱ्या कपाळावर आणि गालांवरही बसलेली असतात. यातून दोन गोष्टी निघतात. औषध फक्त पुळीवर टिंबासारखं न लावता जिथे जिथे मुरूम येतात त्या संपूर्ण भागावर लावायचं. आणि उपचाराचा निकाल बारा आठवड्यांच्या आधी लावायचा नाही. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून क्रीम बदलणारी व्यक्ती कुठल्याही क्रीमला काम करण्याची संधीच देत नाही. तुमच्या दहा वर्षांत बहुतेक हेच झालं आहे. यात दोष तुमचा नाही. आठ दिवसांत चेहरा बदलण्याचं आश्वासन ज्या जाहिराती देतात त्यांचा तो दोष आहे.

आता चेहरा धुण्याबद्दल. मुरूम अस्वच्छतेमुळे येतात ही समजूत इतकी खोल रुजली आहे की ती बाळगणारे स्वतःला शिक्षा केल्यासारखा चेहरा घासतात. ब्लॅकहेडचं काळं टोक म्हणजे मळ नव्हे. बूच वरून उघडं असलं की हवेच्या संपर्कात आलेलं तेल आणि त्वचेला रंग देणारं मेलॅनिन यांमुळे ते काळं दिसतं. घासून ते जात नाही. तेल किती तयार व्हायचं हे अँड्रोजेन प्रकारची संप्रेरकं ठरवतात, फेसवॉश नाही. धुतल्याने वरचं तेल तेवढं निघतं, ग्रंथीचं काम कमी होत नाही. उलट त्वचेच्या सर्वांत वरच्या थराचं नुकसान होतं. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, त्याचा पीएच साधारण 5 च्या आसपास. साध्या वडीच्या साबणाचा 9 ते 10, म्हणजे उलट अल्कधर्मी. दिवसातून पाच वेळा हा मारा झाला की त्वचा ताणल्यासारखी होते, चुरचुरते, कोंडा सुटल्यासारखे पापुद्रे निघतात, आणि तरीही दुपारपर्यंत नाक-कपाळ चमकतंच. अशा त्वचेला मुरमांची औषधं सोसत नाहीत आणि मग "मला हे औषध सूट होत नाही" असा निष्कर्ष निघतो.

तेव्हा सकाळी एकदा आणि रात्री एकदा, सौम्य, साबणविरहित क्लेंझरने, कोमट किंवा साध्या पाण्याने, हाताने. भरपूर घाम आला असेल तर आणखी एकदा. ब्रश नको, दाणेदार स्क्रब तर अजिबात नको. चेहरा टॉवेलने रगडू नका, टिपून घ्या.

मैत्रिणीच्या ट्यूबविषयी मला खरी काळजी वाटते. काही दिवसांत मुरूम बसले, चेहरा उजळला, आणि बंद करताच दुपटीने उसळले, हे वर्णन स्टेरॉइड असलेल्या क्रीमशी तंतोतंत जुळतं. घरात ट्यूब अजून असेल तर मागची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं नाव दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. बरेचदा त्याच्या जोडीला डाग फिके करणारं हायड्रोक्विनोन आणि त्वचेची साल काढणारं ट्रेटिनॉइन असतं. हे मिश्रण वांगासारख्या काही तक्रारींत डॉक्टर थोड्या मुदतीसाठी देतात, पण मुरमांवर किंवा उजळपणासाठी मनाने लावायचं ते औषध नाही. स्टेरॉइड दाह दाबून टाकतं, म्हणून लाली आणि सूज झटकन जाते. बूच मात्र तसंच राहतं. काही आठवडे-महिने लावत राहिलं की त्वचा पातळ होते, गालांवर लाल केशवाहिन्या दिसू लागतात, बारीक लव वाढते, उन्हात आग होते, आणि ट्यूब सोडली की चेहरा लाल होऊन पुळ्यांनी भरतो. त्या उसळीला घाबरून माणूस पुन्हा तीच ट्यूब लावतो आणि या चक्रात वर्षानुवर्षं अडकतो. तुम्ही ती थोडेच दिवस लावली असेल तर आता हात लावू नका. कोणी अनेक महिने लावत असेल तर एका दिवसात स्वतःच्या मनाने न सोडता त्वचारोगतज्ज्ञांकडे जावं. हळूहळू कमी करण्याचे आणि मधली उसळी शमवण्याचे मार्ग आहेत.

पुढे जाण्याआधी, हे मुरूमच आहेत ना याचीही खात्री हवी. कपाळावर, छातीवर, पाठीवर एकसारख्या आकाराच्या, खाजणाऱ्या बारीक पुळ्या एकदम उठल्या आणि अँटिबायोटिक घेतल्यावर वाढल्या, तर ते बहुधा मॅलासेझिया नावाच्या यीस्टमुळे झालेलं केसांच्या मुळांचं दुखणं असतं. त्याला बुरशीविरोधी औषध लागतं. तिशीनंतर गालांच्या मध्यावर सतत लाली, गरम वाफा आल्यासारखं वाटणं आणि पुळ्या, पण ब्लॅकहेड-व्हाइटहेड एकही नाही, तर रोझेशिया या वेगळ्या त्वचाविकाराचा विचार करावा लागतो. तोंडाभोवती बारीक पुरळ, ओठांच्या कडेची पट्टी सोडून, हे स्टेरॉइडमुळेही होतं. औषधांमुळेही मुरमांसारखं फुटतं: स्टेरॉइडच्या गोळ्या, लिथियम, फिनिटॉइन, आयसोनियाझिड, मोठ्या मात्रेतलं बी-12 जीवनसत्त्व, आणि व्यायामशाळांत गुपचूप मिळणारी, स्नायू वाढवणारी ॲनाबोलिक स्टेरॉइड. हेल्मेटचा पट्टा किंवा मास्क जिथे सतत घासतो तिथे, आणि केसांना लावलेलं तेल किंवा जेल जिथे उतरतं त्या कपाळाच्या कडेला येणाऱ्या पुळ्यांचं कारण तर समोरच असतं.

तुमच्या बाबतीत हनुवटी आणि जबड्याची कडा हा भाग मला महत्त्वाचा वाटतो. विशीनंतर स्त्रियांमध्ये याच भागात खोल, दुखऱ्या गाठी येणं आणि पाळीच्या आधीच्या आठवड्यात त्या वाढणं हे वारंवार दिसतं. त्यात संप्रेरकांचा हात असतो. याचा अर्थ संप्रेरकांचा आजार असतोच असा नाही. बहुतेकींच्या रक्ततपासण्या व्यवस्थित येतात, कारण रक्तातलं प्रमाण ठीक असूनही तैलग्रंथी त्याला जास्त प्रतिसाद देतात. पण पाळी अनियमित असेल, हनुवटीवर किंवा वरच्या ओठावर जाड केस येत असतील, डोक्यावरचे केस विरळ होत असतील, वजन झपाट्याने वाढलं असेल, तर पीसीओएस, म्हणजे अंडाशयाशी निगडित संप्रेरकांचा बिघाड, यासाठी तपासणी करून घ्यायला हवी. अशा मुरमांवर फक्त क्रीम अपुरं पडतं. डॉक्टर तपासून काही प्रकारच्या संयुक्त गर्भनिरोधक गोळ्या किंवा अँड्रोजेनचा परिणाम अडवणारं स्पायरोनोलॅक्टोन देऊ शकतात. दोन्ही औषधं सगळ्यांना चालत नाहीत. रक्तात गुठळी झाल्याचा इतिहास, डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा दिसून उठणारी अर्धशिशी, धूम्रपान, गरोदरपण, हे सगळं आधी विचारात घ्यावं लागतं. यांचाही परिणाम दिसायला तीन महिने तरी जातात.

आता नेमकं काय लावायचं. मुरमांच्या उपचाराचा कणा म्हणजे रेटिनॉइड गटातलं (अ जीवनसत्त्वाशी नातं असलेलं) औषध, कारण बूच तयार होण्याच्या पायरीवरच ते काम करतं. पेशींची चिकटाचिकट कमी होते, नवी बुचं बसत नाहीत, जुनी सुटतात. सुरुवात करायला 0.1 टक्के ॲडापॅलिन जेल मला सर्वांत सोयीचं वाटतं. ट्रेटिनॉइनही उत्तम, पण त्वचेला ते जास्त झोंबतं आणि प्रकाशात टिकत नाही. काही देशांत ॲडापॅलिन चिठ्ठीशिवाय मिळतं, काही ठिकाणी चिठ्ठी लागते. मिळत असलं तरी पहिल्या वेळी डॉक्टरांना विचारून घ्या. गरोदर असाल किंवा लवकरच तसा विचार असेल, तर हे वापरायचं नाही.

लावण्याची पद्धत इथे निम्मं काम करते. रात्री चेहरा धुऊन पूर्ण कोरडा होऊ द्या. संपूर्ण चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं जेल पुरतं. कपाळ, दोन्ही गाल, नाक, हनुवटी अशी टिंबं देऊन हलक्या हाताने पसरवा. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांचे कोपरे आणि ओठांचे कोपरे सोडा. पहिले दोन-तीन आठवडे एक दिवसाआड किंवा आठवड्यातून तीन रात्री लावा, सोसलं की रोज. त्वचा नाजूक असेल तर आधी मॉइश्चरायझर, मग जेल, मग पुन्हा थोडं मॉइश्चरायझर. यामुळे झोंबणं बरंच कमी होतं आणि औषध सोडून देण्याची वेळ येत नाही. जास्त लावल्याने लवकर गुण येत नाही, फक्त साल निघते.

पहिल्या काही आठवड्यांत थोडी लाली, कोरडेपणा, आणि क्वचित जास्त पुळ्या येणं हे होऊ शकतं. आत दबा धरून बसलेली बुचं वर येतात. साधारण महिना-दीड महिन्यात हे ओसरतं. बहुतेक माणसं नेमकी याच टप्प्यावर थांबतात, म्हणून आधीच सांगून ठेवते. पण चेहरा सुजला, फोड आले, तीव्र खाज सुटली तर ती ॲलर्जी असू शकते. तेव्हा मात्र थांबायचं.

रेटिनॉइडच्या जोडीला बेंझॉइल पेरॉक्साइड. हे जीवाणूंना मारतं आणि त्याचा सर्वांत मोठा गुण म्हणजे जीवाणू त्याला सरावत नाहीत, अँटिबायोटिकसारखा प्रतिरोध तयार होत नाही. अडीच टक्क्यांचं जेल बहुतेकांना पुरतं. दहा टक्क्यांचं त्याहून प्रभावी आहे असं दिसलेलं नाही, जळजळ मात्र जास्त होते. तुम्ही ते सकाळी लावू शकता, किंवा क्लेंझरच्या रूपात मिळालं तर काही मिनिटं ठेवून धुऊन टाकू शकता. पाठीवरच्या मुरमांना ही दुसरी पद्धत फार उपयोगी आहे. टॉवेल, उशी, कपडे यांचा रंग ते उडवतं, तेव्हा पांढरे टॉवेल वापरा. ट्यूब उन्हात, गाडीत किंवा गरम जागी ठेवू नका, कारण उष्णतेने त्याचं विघटन होऊन बेंझिन तयार होऊ शकतं. ट्रेटिनॉइनबरोबर एकाच वेळी ते लावू नये, ॲडापॅलिनबरोबर चालतं.

सॅलिसिलिक ॲसिड तेलात विरघळतं, त्यामुळे छिद्रात शिरतं. अर्धा ते दोन टक्के प्रमाणात ते ब्लॅकहेड आणि सौम्य मुरमांना ठीक आहे, पण तुमच्या गाठींना एकटं पुरणार नाही. तुमच्यासाठी मला अझेलेइक ॲसिड जास्त जवळचं वाटतं, 15 ते 20 टक्के. ते मुरूमही कमी करतं, डागही फिके करतं, आणि गरोदरपणातही वापरता येतं. नायसिनामाइडने (बी-3 जीवनसत्त्वाचं एक रूप) लाली आणि डागांत थोडी मदत होते. हे सगळं एकाच आठवड्यात सुरू करू नका. एक औषध सुरू करा, तीन-चार आठवडे त्वचा स्थिरावू द्या, मग दुसरं. एकदम पाच गोष्टी लावल्या आणि चेहरा भडकला तर कशामुळे, हे मलाही सांगता येणार नाही.

तेलकट त्वचेला मॉइश्चरायझर कशाला, असं जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. तेल आणि ओलावा या वेगळ्या गोष्टी आहेत. ही औषधं त्वचेतला ओलावा उडवतात, आणि तो टिकवला तरच औषध दीर्घकाळ सोसतं. जेल किंवा लोशन स्वरूपाचं, ग्लिसरीन, हायल्युरोनिक ॲसिड, सेरामाइड असलेलं, सुगंध नसलेलं घ्या. डब्यावर 'नॉन-कोमेडोजेनिक', म्हणजे छिद्रं न बुजवणारं, असं लिहिलेलं असलं तर बरं, पण त्या शब्दाला सगळीकडे मान्य असा काटेकोर निकष नाही, त्यामुळे शेवटी तुमची त्वचा काय म्हणते ते पाहा.

सनस्क्रीन टाळू नका. एसपीएफ 30 किंवा जास्त, जेल किंवा पातळ द्रव स्वरूपाचं. तर्जनी आणि मधलं बोट यांच्या लांबीएवढ्या दोन रेघा चेहऱ्याला आणि मानेला लागतात. आपल्यापैकी बहुतेक जण याच्या निम्मंही लावत नाहीत. सावळ्या आणि गव्हाळ त्वचेत मुरूम बसल्यावर काळा डाग राहणं अगदी स्वाभाविक आहे, आणि उन्हाने तोच डाग गडद होतो आणि महिनोन्‌महिने रेंगाळतो.

डागांबद्दल तुमच्या मनात भीती दिसते, म्हणून थोडं सविस्तर. काळा किंवा तपकिरी सपाट डाग म्हणजे खूण, व्रण नव्हे. दाहामुळे त्या जागी मेलॅनिन जास्त तयार झालेलं असतं आणि ते बहुतेक वेळा आपोआप जातं, पण सहा महिने ते वर्षभर किंवा त्याहूनही जास्त घेतं. लाल-जांभळा सपाट डाग हा तिथल्या रक्तवाहिन्यांमुळे असतो, तोही हळूहळू फिका होतो. बोट फिरवल्यावर खोलगट लागतो किंवा वर उचललेला लागतो तो खरा व्रण. तो क्रीमने भरून येत नाही. तुम्ही फक्त काळे डाग लिहिले आहेत, खड्डे नाहीत. तसं असेल तर नवे मुरूम थांबवणं आणि सनस्क्रीन लावणं हाच डागांवरचा निम्म्याहून अधिक उपचार आहे. नवे मुरूम येत असताना डागांवर पैसे खर्च करण्यात अर्थ नाही.

खड्डे असतील तर त्यांचे प्रकार असतात. बारीक आणि खोल टोकदार खड्ड्यांत तीव्र ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिडचा थेंब डॉक्टर नेमका टाकतात. लाटांसारख्या खोलगट भागात त्वचा खालून धरून ठेवणारे तंतू सुईने सोडवतात. काहींत मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी त्वचा टोचणं) किंवा फ्रॅक्शनल लेसर (ठिपक्याठिपक्यांनी दिलेलं लेसर). सगळ्यांना एकच लेसर विकणाऱ्या ठिकाणापासून सावध राहा. गडद त्वचेवर जास्त ताकदीचं लेसर किंवा पील (रसायनाने वरची साल काढणं) केलं तर नवेच डाग पडू शकतात. आणि खड्डे टाळण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे दाह लवकर आटोक्यात आणणं. गाठी येत असताना वर्ष-दोन वर्षं 'वयाने जाईल' म्हणून वाट पाहू नये.

पुळी फोडू नका हे सगळेच सांगतात, कारण सांगत नाहीत. बाहेरून दाब दिला की नळीची भिंत आतल्या बाजूने फुटते आणि दाह खोल जातो. छोटी पुळी असते तिथे मोठी गाठ आणि नंतर खड्डा होतो. नाक आणि वरच्या ओठाच्या भागातल्या रक्तवाहिन्या मेंदूजवळच्या शिरांशी जोडलेल्या असल्याने तिथला संसर्ग क्वचित का होईना, पण धोकादायक ठरू शकतो. हात आपोआप जात असेल तर पुळीवर हायड्रोकोलॉइडचा छोटा पॅच लावा. तो पू शोषतो आणि बोटांना अडवतो. खोल, अतिशय दुखरी गाठ असेल आणि समोर महत्त्वाचा दिवस असेल, तर त्वचारोगतज्ज्ञ त्या गाठीत स्टेरॉइडचं अतिशय सौम्य इंजेक्शन देतात. एक-दोन दिवसांत ती बसते. टूथपेस्ट आणि लिंबू चेहऱ्यावर नको. दोन्हींनी त्वचा पोळते आणि डाग वाढतात.

खाण्याविषयी घरोघरी जितकी बोलणी बसतात तितका पुरावा नाही. रक्तातली साखर झटकन वाढवणारं खाणं, म्हणजे साखर, मैदा, गोड पेयं, काही जणांत मुरूम वाढवतं. 2007 साली ऑस्ट्रेलियात तरुण मुलांवर झालेल्या बारा आठवड्यांच्या चाचणीत असं खाणं कमी केल्यावर मुरूम कमी झालेले दिसले. दुधाचा, विशेषतः साय काढलेल्या दुधाचा संबंध काही पाहण्यांत दिसतो, पण तो सगळ्यांना लागू होतो असं म्हणता येत नाही. व्हे प्रोटीन, म्हणजे दुधापासून केलेली प्रथिनांची पावडर, सुरू केल्यावर मुरूम वाढल्याचं सांगणारे तरुण मला नेहमी भेटतात. त्यांना ते दोन-तीन महिने बंद करून पाहायला सांगते. तेलकट खाल्ल्याने चेहऱ्याला तेल सुटतं, हे मात्र खरं नाही. तुम्हाला एखाद्या पदार्थाची शंका असेल तर तो दोन महिने सोडून बघा, फरक नसेल तर आनंदाने खा. मुलींची ताटं मोजून, त्यांना ऐकवून मुरूम जात नाहीत.

लावायच्या औषधांनी बारा आठवड्यांत पुरेसा फरक नसेल, किंवा सुरुवातीपासूनच गाठी असतील, तर पोटातून औषध लागतं. डॉक्सीसायक्लिनसारखं अँटिबायोटिक तीन-चार महिन्यांपुरतं देतात, आणि नेहमी रेटिनॉइड आणि बेंझॉइल पेरॉक्साइडच्या जोडीने. ती गोळी ग्लासभर पाण्याबरोबर, बसून किंवा उभं राहून घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही. नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून जखम करते. ती घेताना ऊन जास्त लागतं, हेही लक्षात ठेवा. क्लिंडामायसिनचं जेल एकटंच महिनोन्‌महिने लावणं चुकीचं आहे. जीवाणू त्याला सरावतात आणि पुढे ते औषध निकामी होतं.

आणि आयसोट्रेटिनॉइन. 1982 पासून वापरात असलेलं हे औषध तैलग्रंथींनाच आकुंचित करतं, आणि खड्डे पाडणाऱ्या, कशालाच न बधणाऱ्या मुरमांसाठी याच्याइतकं परिणामकारक दुसरं काही आपल्याकडे नाही. अनेकांचे मुरूम एकाच पूर्ण कोर्सनंतर कायमचे जातात किंवा अगदी किरकोळ उरतात. मात्रा वजनावर ठरते आणि कोर्स बहुधा चार ते सहा महिने, कधी त्याहून अधिक चालतो. ओठ फुटणं जवळपास प्रत्येकाला होतं. यकृताच्या आणि चरबीच्या रक्ततपासण्या कराव्या लागतात. मनःस्थितीत बदल जाणवला तर लगेच डॉक्टरांना सांगायचं. सर्वांत गंभीर बाब ही की गर्भावर याचे अत्यंत वाईट परिणाम होतात. औषध चालू असताना आणि थांबवल्यानंतर किमान एक महिना गर्भ राहता कामा नये आणि या काळात रक्तदानही करायचं नाही. डॉक्सीसायक्लिनबरोबर ते घेत नाहीत. कोणाच्या उरलेल्या गोळ्या मागून घेण्याचं हे औषध नव्हे. पण ऐकीव भीतीपोटी ते नाकारून चेहऱ्यावर कायमचे खड्डे पडू देणं हेही मला पटत नाही.

तुम्ही लिहिलंय की फोटो काढायचा टाळता, लग्नकार्याला जायला नको वाटतं. मुरूम हा किरकोळ विषय आहे असं मी कधीच मानत नाही. मुरमांमुळे येणारी खिन्नता खरी असते आणि ती पुळ्यांच्या संख्येवर अवलंबून नसते. थोडेच मुरूम असलेली व्यक्तीही आतून पार कोसळलेली असू शकते. झोप उडाली असेल, लोकांत मिसळणं बंद झालं असेल, तर तेही डॉक्टरांना तितक्याच स्पष्टपणे सांगा, कारण त्यावरूनही उपचार किती लवकर आणि किती जोरकस करायचा हे आम्ही ठरवतो. मेकअप करायला हरकत नाही, हलका असावा आणि रात्री पूर्ण काढावा.

हे कधी थांबणार? बहुतेकांचे मुरूम पंचविशीपर्यंत ओसरतात, स्त्रियांमध्ये ते चाळिशीपर्यंतही चालू राहू शकतात. चेहरा नितळ झाल्यावर सगळं एकदम बंद केलं तर काही महिन्यांत परत येतात, म्हणून ॲडापॅलिन आठवड्यातून दोन-तीन रात्री चालू ठेवायचं. ते दीर्घकाळ वापरलं तरी त्वचा पातळ होत नाही. ते चालू असताना चेहऱ्याला वॅक्सिंग करू नका, साल निघते. धाग्याने किंवा रेझरने केस काढलेले चालतात.

तुमच्या गाठी आणि त्या ट्यूबची शंका पाहता, तीन महिने घरी प्रयोग न करता आत्ताच त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. जाताना चेहऱ्यावर मेकअप नको. आजवर वापरलेल्या सगळ्या ट्यूब, बाटल्या, अर्धवट संपलेल्यासुद्धा, पिशवीत घालून न्या. गेल्या सहा पाळ्यांच्या तारखा, चालू असलेल्या गोळ्या आणि पूरक आहार, आणि पुढच्या वर्षभरात गरोदरपणाचा विचार आहे का, हे लिहून ठेवा. दर चार आठवड्यांनी एकाच खिडकीपाशी, एकाच वेळी, समोरून आणि दोन्ही बाजूंनी चेहऱ्याचे फोटो काढा. रोज आरशात पाहून फरक कळत नाही, फोटोंत कळतो. ताप, सांधेदुखी आणि अचानक रक्ताळलेल्या, पिकलेल्या गाठी असं एकत्र झालं, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी जा.

लावायला आजपासून फक्त तीन गोष्टी: सौम्य क्लेंझर दोन वेळा, मॉइश्चरायझर, आणि दिवसा सनस्क्रीन. भडकलेली त्वचा दोन आठवड्यांत शांत होईल, तोवर तुमची भेटही होईल. ॲडापॅलिन त्यानंतर, डॉक्टरांनी त्वचा पाहिल्यावर.